बॉम जेझुसच्या उघड्या भिंती : पुरातत्त्व खात्याला खुले पत्र

प्रति,
अधिकारी वर्ग,
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, गोवा मंडळ, जुने गोवे.

स. न. वि. वि.

२१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात सोळाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मप्रचारक सेंट फ्रान्सिस झेवियर याच्या शवप्रदर्शनाचा सोहळा झाला. शवाची पेटी मिरवणुकीने बॉम जेझुस चर्चमधून निघाली, रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलमध्ये दीड महिना राहिली आणि परत आली. देशोदेशींची माणसे दर्शन घेऊन गेली. मंडप उतरले. बॉम जेझुसच्या भिंती मात्र सोहळ्याच्या आधी होत्या तशाच, गिलाव्याविना उघड्या आहेत. असा सोहळा दर दहा वर्षांनी होतो. म्हणजे गर्दीचे, मंत्र्यांचे आणि कॅमेऱ्यांचे लक्ष पुन्हा तिकडे वळेपर्यंत या भिंती आणखी दहा पावसाळे खातील, आणि तोवर कोणी काही विचारणार नाही. म्हणून आत्ताच विचारतो आहे, आणि चारचौघांत विचारतो आहे.

मी वेंगुर्ले तालुक्यातला. आमच्या घरात चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, काम पिढीजात. आजोबा खाणीत चिरे काढायचे, वडील गवंडी, आणि मी जुनी घरे, देवळांचे सभामंडप, विहिरींचे कठडे चुन्यात दुरुस्त करून पोट भरतो. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. ख्रिस्तीही नाही. पण बांदा ओलांडला की आमचा आणि गोव्याचा दगड एकच, पाऊस एकच, आणि भिंतीला होणारे आजारही तेच. त्या आजारांबद्दल मला दोन शब्द बोलण्याचा अधिकार आहे असे मी धरून चालतो.

एक प्रश्न मला आमच्याच लोकांकडून हमखास येतो, तो आधी निकालात काढतो. ज्यांनी आपली देवळे पाडली त्यांच्या चर्चचे तुला काय पडले आहे? देवळे पाडली हे खरेच आहे. मंगेशी कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून नदीपार फोंड्याकडे आल्या त्या हौसेने नव्हे. धर्मसमीक्षण सभा (इन्क्विझिशन) गोव्यात आणावी असे स्वतः झेवियरने पोर्तुगालच्या राजाला कळवले होते, हेही लपवण्यासारखे नाही. पण कवळ्याचे शांतादुर्गेचे आजचे देऊळ एकदा नीट बघा. शाहू महाराजांच्या काळात, १७३८ च्या सुमारास, आमच्याच वेंगुर्ल्याकडच्या नारोराम मंत्र्यांनी पुढाकार घेऊन ते उभे केले. त्यावरचा घुमट, भिंतीला चिकटलेले अर्धे खांब, कमानीच्या खिडक्या, कठड्याच्या बाहुल्या (ठेंगणे खांब) हे सगळे कुठून आले? चर्च बांधून बांधून हात बसलेल्या गवंड्यांनी ती घडण देवळाला दिली. हात आपलेच होते. राग राजवटीवर धरावा, त्या हातांच्या कामावर धरू नये, एवढेच मला कळते. शिवाय आज ही वास्तू पोर्तुगालची नाही. ती भारत सरकारच्या ताब्यातले संरक्षित स्मारक आहे आणि १९८६ पासून गोव्यातल्या चर्च आणि मठांच्या गटातून जागतिक वारशाच्या यादीत आहे. बिघडली तर ती आपल्या हातून बिघडलेली असेल.

आता मूळ मुद्दा. बॉम जेझुसचा आज दिसतो तो तांबडा रंग या चर्चचा नाही. तो फार तर सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा आहे.

पायाचा दगड बसला २४ नोव्हेंबर १५९४ ला. १५ मे १६०५ ला आर्चबिशप आलेशू द मेनेझिस यांच्या हस्ते अभिषेक झाला. बांधकामाला पैसा आला तो मुख्यतः दों जेरोनिमु माश्कारेन्यश या कोचीनच्या कप्तानाच्या मृत्युपत्रातून. त्याचे स्मारक आत मधल्या दालनात, प्रवचनाच्या उंच आसनासमोर आहे. झेवियरने मात्र हे चर्च कधी पाहिले नाही. तो गेला ३ डिसेंबर १५५२ ला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर, म्हणजे पाया घालण्याच्या ४२ वर्षे आधी. त्याचे शव मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यात आले ते सेंट पॉल कॉलेजात. आज त्या कॉलेजची दारापुढची एक कमान तेवढी रस्त्याच्या कडेला उभी आहे. १६२२ मध्ये संतपद जाहीर झाले आणि १६२४ मध्ये शव बॉम जेझुसमध्ये आले.

ही माहिती तुम्हाला तोंडपाठ असणार. पत्र जाहीर आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी लिहितो आहे. त्यांच्यासाठीच दर्शनी भिंतीबद्दलही थोडे. या भिंतीवर बुरूज नाहीत. खाली तीन दारे, त्यांच्यावर तीन मोठ्या चौकोनी खिडक्या, त्यांच्यावर तीन गोल झरोके, आणि सर्वांत वर नक्षीदार शिखरपट्टी. तिच्या मधोमध देवदूतांनी वेढलेली येशूच्या नावाची तीन अक्षरे, जी जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाची खूण आहेत. हे चर्च त्यांचेच. डोरिक, आयोनिक, कोरिंथियन, कॉम्पोझिट अशा युरोपातल्या चार खांबपद्धती एका भिंतीत रचल्या आहेत. भिंत चिऱ्याची आणि कोरीव काम काळ्या बेसाल्टचे. हा बेसाल्ट वसईहून आणलेला. चिऱ्यात बारीक पान-फूल कोरता येत नाही, दगड भुसभुशीत, हातात तुटतो. म्हणून ज्याला धार हवी त्यासाठी वसईचा दगड आणि ज्याला आकारमान हवे त्यासाठी इथला चिरा, असा चोख हिशेब त्या लोकांनी मांडला होता. आणि चिऱ्यावर चुन्याचा गिलावा, हा त्या हिशेबाचा तिसरा भाग होता.

या चर्चच्या बरोक शैलीबद्दल माझे एक निरीक्षण आहे, पंडितांनी हसावे. ही शैली म्हणजे नुसते सोने आणि पिळाचे खांब नव्हेत. बाहेरून आत येणाऱ्या माणसाला कुठे थांबवायचे, कुठे दिपवायचे हे ठरवून केलेली ती रचना आहे. बॉम जेझुसची दर्शनी भिंत त्या मानाने संयमी आहे. आत १८३ फूट लांब, ५५ फूट रुंद, ६१ फूट उंच असे दालन, जवळपास रिकामे. डोळे कुठेच अडकत नाहीत, सरळ टोकाच्या सोनेरी वेदीवर जातात. तिथे खाली बाळ येशू, त्याच्या डोक्यावर जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस याची भली थोरली मूर्ती, आणि तिची नजर आणखी वर, किरणे फेकणाऱ्या सूर्याकडे. पाहणाऱ्याची मान आपोआप उचलली जाते. मग उजवीकडे झेवियरची समाधी. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने ती पाठवली. फ्लोरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने ती घडवायला दहा वर्षे घेतली आणि १६९८ मध्ये ती इथे जोडून उभी राहिली. खाली इटलीचे संगमरवर, जास्पर आणि काशाचे देखावे, आणि वर १६३६-३७ मध्ये गोव्याच्या सोनारांनी घडवलेली चांदीची पेटी. इटलीचा दगडकाम करणारा आणि आपला सोनार, दोघांची कामे एकावर एक बसली आहेत. जगात अशी जागा दुसरी मला तरी माहीत नाही.

आता या सगळ्याला छाया देणाऱ्या भिंतीचे काय झाले ते सांगतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, झेवियरच्या मृत्यूच्या चारशेव्या वर्षाच्या निमित्ताने, लिस्बनच्या सरकारने जुन्या गोव्यात डागडुजी काढली. पोर्तुगालच्या स्मारक खात्यातले बाल्तझार कास्त्रो हे वास्तुविशारद त्यासाठी आले. त्या काळी हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत तिकडे एक खूळ होते. जुन्या इमारतीवरचा गिलावा, नंतरची सजावट सगळे खरवडून काढायचे आणि नागडा दगड दाखवायचा, म्हणजे वास्तू जुनी, भारदस्त, मध्ययुगीन वाटते. उत्तर पोर्तुगालात हे खपून गेले, कारण तिथला दगड ग्रॅनाइट. तेच बॉम जेझुसवर केले गेले. चर्च बांधल्यापासून साडेतीनशे वर्षे भिंतीवर असलेला चुना निघाला. त्याआधीची छायाचित्रे उपलब्ध आहेत, त्यांत चर्च पांढरे दिसते.

ग्रॅनाइट आणि चिरा यांत फरक काय, हे खाणीत एक दिवस काढलेल्या पोरालाही समजते. चिरा म्हणजे लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या गंजाचे जाळे आणि त्या जाळ्याच्या भोकांत बसलेली शाडूसारखी माती. खाणीतून काढताना तो मऊ असतो, वारा-ऊन लागले की वरची साल कडक होते. त्या सालीवर सगळी मदार. पाऊस सारखा मारत राहिला तर पाणी भोकांत शिरते, आतली माती विरघळून बाहेर येते, उरते ते पोकळ जाळे. मग उन्हात सुकणे, परत भिजणे, आतले क्षार वर येऊन लोणा लागणे, साल सुटणे. साल सुटली की आत पुन्हा मऊ दगड, आणि तोच खेळ नव्याने. गोव्याच्या किनारपट्टीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आमच्याकडे पावसाच्या तोंडाची भिंत उघड्या चिऱ्याची ठेवायची झाली तर छपराची पाख लांब काढतात, झडीला झावळ्यांच्या झापा बांधतात. चर्चच्या दर्शनी भिंतीला पाख कुठून येणार? तिची पाख म्हणजे गिलावाच होता.

चुन्याच्या गिलाव्याची गंमत अशी की तो स्वतः झिजतो आणि दगड वाचवतो. पाणी शोषतो, ऊन पडले की सोडून देतो. दहा-पंधरा वर्षांनी तो खराब झाला की काढा आणि नवा चढवा. आता तिथे झिजायला दगडाशिवाय दुसरे काही उरलेले नाही.

यावर माझ्या तक्रारी मांडतो.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही की एका परक्या राजवटीच्या शेवटच्या दहा वर्षांतली सौंदर्यदृष्टी आपण स्वतंत्र भारतात वारसा म्हणून जपतो आहोत. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. सालाझारचे फलक उतरले, रस्त्यांची नावे बदलली. त्याच्या अधिकाऱ्याने खरवडलेली भिंत मात्र तशीच राहिली. इतकी की आज पर्यटनाच्या जाहिरातीत, टपालकार्डांवर, शाळेच्या पुस्तकांतल्या चित्रांत हीच तांबडी भिंत 'प्राचीन' म्हणून मिरवते. नव्या पिढीला दुसरे रूप माहीतच नाही. त्यांना दोष कसा देणार? पण तुम्हाला माहीत आहे.

दुसरी. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन न्याय आहेत. से कॅथेड्रल पांढरे, असिसीचे चर्च पांढरे, थोडे पुढे काजितानचे चर्च गिलाव्यातले. तिथे चुना चालतो, तो दगडाचे रक्षण करतो असे मानले जाते. बॉम जेझुसचा चिरा या सगळ्यांपेक्षा वेगळ्या खाणीचा आहे, त्याला पाऊस लागत नाही, असे तर कोणी म्हणणार नाही ना?

तिसरी तक्रार छपराची. मे २०२० मध्ये बॉम जेझुसच्या प्रमुख धर्मगुरूंनाच तुमच्या खात्याला जाहीर पत्र लिहावे लागले की छपराचे काम वेळेत होत नाही, पावसाळा तोंडावर आहे आणि आतल्या वस्तूंना धोका आहे. टाळेबंदीचे दिवस होते, अडचणी असतील, मान्य. तरी कौले उतरवण्याचे काम मे महिन्यावर जाऊ नये हे कोकणात कोणालाही शिकवावे लागत नाही. दिवाळी झाली की छपरावर चढायचे आणि शिमग्याआधी उतरायचे, ही रीत आहे. सरकारी मंजुरीचे चक्र मार्चअखेरीला फिरते आणि पाऊस मृगाला येतो, या दोन वेळापत्रकांमध्ये वास्तू चिरडली जाते. त्या छपराखाली फोज्जिनीचे संगमरवर आहे, सोन्याचा मुलामा दिलेले लाकूड आहे. लाकडाला ओल लागली की वाळवी आमंत्रणाची वाट पाहत नाही.

चौथी थोडक्यात. २०१० च्या दुरुस्तीनंतर कायद्याने संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकाम मना आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. तरी २०२१ मध्ये जुन्या गोव्याच्या संरक्षित परिसरातल्या बांधकामाविरुद्ध लोकांना रस्त्यावर बसावे लागले. कायदा राबवण्यासाठी लोकांनी उपोषणे-मोर्चे करायचे असतील तर कायद्याचे पुस्तक कोणासाठी?

पाचवी तक्रार बोलण्याची आहे, म्हणजे न बोलण्याची. गिलावा परत चढवावा ही मागणी चर्चकडून, गोव्यातल्या वास्तुविशारदांकडून, अभ्यासकांकडून वेळोवेळी झालेली आहे. त्यावर ज्या चाचण्या, जे अहवाल झाले असतील ते सामान्य माणसाला सहज वाचता येतील असे कुठे ठेवलेले नाहीत. विचारले की विषय विचाराधीन. भिंत मात्र विचारासाठी थांबत नाही.

गिलाव्याच्या विरोधात बोलणाऱ्यांचेही म्हणणे मी ऐकले आहे, आणि त्यातले काही वजनदार आहे. स्मारकांच्या जतनाबद्दलची १९६४ ची व्हेनिसची सनद सांगते की वास्तूवर वेगवेगळ्या काळांनी घातलेली भर मान राखून जपावी, आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्रचना थांबावी. तांबडी भिंत हाही आता इतिहासाचा एक थर झाला, असा युक्तिवाद यातून निघतो. माझे उत्तर साधे आहे. कास्त्रोंनी भर घातली नाही, काढून नेले. जे काढले ते काय होते याचा अंदाज बांधावा लागत नाही, छायाचित्रे आहेत. आणि सनदेचा हेतू वास्तू टिकावी हा आहे. थर जपता जपता भिंत गेली तर कुठला थर शिल्लक राहील?

दुसरे म्हणणे, लोकांना तांबडे रूप आवडते. मलाही आवडते, खोटे कशाला बोलू. सकाळच्या तिरप्या उन्हात तो चिरा पेटल्यासारखा दिसतो. पण आवड आणि औषध यांत औषधाला आधी जागा द्यावी लागते. शिवाय माझ्या मते वसईच्या काळ्या दगडातले कोरीव काम पांढऱ्या पार्श्वभूमीवर जितके उठून दिसेल तितके या खडबडीत तांबड्यावर दिसत नाही. आज त्या शिखरपट्टीवरचे देवदूत खालून ओळखायला डोळे ताणावे लागतात.

तिसरे म्हणणे असे की चुन्याचे काम करणारे हात उरलेले नाहीत, आणि वाईट गिलावा हा गिलावा नसण्यापेक्षा वाईट. दुसऱ्या अर्ध्या भागाशी मी पूर्ण सहमत आहे. सिमेंटचा गिलावा चिऱ्यावर चढवला तर तो ओल आत कोंडतो. वरून छान गुळगुळीत, आत दगडाचे पीठ. आमच्या भागात जीर्णोद्धाराच्या नावाखाली कितीतरी देवळांचे असे वाटोळे झालेले मी पाहिले आहे, आणि ते सिमेंट छिन्नीने काढताना चिऱ्याची सालही बरोबर येते. म्हणून घाई नको. पण हात उरलेले नाहीत हे खरे नाही. शिंपल्यांचा चुना भाजणारे, चुन्याची कळी विरवून महिनोन्‌महिने भिजत ठेवणारे, वाळूचे प्रमाण हाताने ओळखणारे लोक गोव्यात, सिंधुदुर्गात, कारवारकडे थोडे का होईना आहेत. त्यांतले बरेच साठीपलीकडचे. त्यांच्या हाताखाली पोरे कामाला लागली नाहीत तर पुढच्या शवप्रदर्शनापर्यंत हे म्हणणे खरे ठरेल.

आणि कोणी म्हणेल की चारशे वर्षे उभी आहे, अजून उभी राहील. त्यांना सेंट ऑगस्टीनच्या टेकडीवर घेऊन जा, बॉम जेझुसपासून चालत काही मिनिटांची वाट आहे. १८३५ मध्ये धार्मिक संघांना पोर्तुगीज सरकारने हाकलले, मठ ओस पडला. १८४२ मध्ये त्या अवाढव्य चर्चचे छत खाली आले. सात वर्षे. पुढे १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा कोसळला. उरलेला अर्धा, ४६ मीटर उंचीचा, आज लोक फोटोत घेतात. तिथे शत्रूची तोफ आली नव्हती. पाणी आले होते, आणि पाण्याला अडवणारे कोणी नव्हते. बॉम जेझुस ओस नाही, रोज प्रार्थना होते, माणसांचा राबता आहे, म्हणून ते उद्या पडेल असे मी म्हणत नाही. भीती पडण्याची कमी आणि झिजण्याची जास्त आहे. पडली तर बातमी होते, झिजली तर होत नाही.

आता मागण्या. जमतील अशाच आहेत.

गिलाव्याबद्दल खात्याचा निर्णय काय, हो की नाही, हे कारणांसकट जाहीर करा. 'नाही' असेल तर उघडा चिरा पावसात कसा टिकवणार आहात तेही त्याच कागदावर लिहा.

'हो' असेल तर दर्शनी भिंतीला आधी हात लावू नका. मागची किंवा बाजूची, पावसाच्या माऱ्यातली एक छोटी जागा निवडा. चुन्याचे तीन-चार वेगवेगळे मिश्रण तिथे पट्ट्यापट्ट्यांत लावा आणि निदान दोन पावसाळे जाऊ द्या. ओल किती शिरते, किती निघते, लोणा कुठे येतो याच्या नोंदी ठेवा, आणि त्या नोंदी लोकांना पाहू द्या. पट्ट्यांशेजारी एक फलक लावा. पर्यटकांनाही कळू दे काय चालले आहे.

गिलाव्याआधी छप्पर, पन्हळी आणि सांध्यांच्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटींची भरण. वरून पाणी येत असताना भिंत रंगवणे म्हणजे पैसे पाण्यात. दर्जा भरताना सिमेंटचा कणही नको, आणि पूर्वीच्या दुरुस्त्यांत कुठे सिमेंट गेले असेल तर ते शोधून, जपून काढा.

छपराची कामे नोव्हेंबर ते मार्च याच काळात होतील असा नियम करा आणि निविदा त्या हिशेबाने आदल्या पावसाळ्यातच काढा. ही मागणी सर्वांत स्वस्त आहे आणि बहुधा सर्वांत अवघड.

वास्तूच्या प्रकृतीचा अहवाल दर वर्षी, पावसाळ्यानंतर, कोकणी, मराठी आणि इंग्रजीत प्रसिद्ध करा. मोठा ग्रंथ नको. काय बिघडले, काय दुरुस्त केले, काय राहिले, एवढे चार पानांत मावते.

चुन्याचे काम शिकवणारी जागा जुन्या गोव्यातच सुरू करा. जुने गवंडी शिकवतील, तरुण मुले शिकतील, आणि सरावाला भिंतींची वाण नाही. विद्यावेतन द्या, म्हणजे मुले येतील. नुसते प्रमाणपत्र दिले तर येणार नाहीत, ती टाइल्स बसवायला जातील आणि बरोबरच करतील.

१०० आणि ३०० मीटरच्या सीमा जमिनीवर खुणा करून दाखवा. नकाशातली रेघ लोकांना दिसत नाही.

गोव्यातल्या चर्चसंस्थेलाही याच पत्रातून विनंती आहे. वास्तू सरकारकडे संरक्षित असली तरी रोज तिथे वावरणारे तुम्ही आहात. कुठे पिंपळाचे रोप उगवले, कुठे कौल सरकले, कुठे ओलीचा डाग वाढला याची तारखेनिशी वही ठेवा. खात्याच्या अहवालाशेजारी तुमची वही असली की बोलणे मुद्द्याचे होईल.

येत्या पावसाआधी गिलावा होणार नाही हे मला माहीत आहे, आणि होऊही नये. पण नमुन्याच्या पट्ट्या कुठे लावायच्या ती जागा या वर्षीच ठरू शकते. चुना भिजत घालायला आत्ता सुरुवात केली तर पुढच्या हिवाळ्यात तो कामाला योग्य होतो. त्या कामाला माणसे कमी पडली तर आमच्या तालुक्यातले आम्ही पाच-सहा जण आमच्या थाप्या घेऊन यायला तयार आहोत, मजुरी सरकारी दराने चालेल. उत्तर मराठीत पाठवा, कोकणीत पाठवा, पण वर्तमानपत्रात छापता येईल असे पाठवा.

आपला,
वेंगुर्ले तालुक्यातला एक गवंडी